मुका मार

अडतीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. गॅलरीतून कुणीतरी मोबाइलवर काढलेला, हललेला, मध्येच पुढच्याचा हात आडवा आलेला. डावीकडून क्रॉस येतो, गर्दीतून एक पोरगा पाय घालतो आणि बॉल जाळीत जातो. मग नुसता आरडाओरडा. शेवटी कुणीतरी घसा फाडून ओरडतं, "नादखुळा, भावा, नादखुळा!"

गोल मारणारा पोरगा माझा धाकटा भाऊ. घरात त्याला सगळे बारक्या म्हणतात. दरवर्षी फेब्रुवारीत आमच्या पेठेच्या ग्रुपवर हा व्हिडिओ कुणीतरी पुन्हा टाकतं. खाली आगीचे, हार्टचे इमोजी पडतात. बारक्याही एक अंगठा टाकतो आणि गप्प बसतो.

त्याला तो गोल आठवत नाही. 'नीट आठवत नाही' असं नाही, अजिबातच आठवत नाही. त्याच्यापुरती त्या दिवशीची मॅच पहिल्या हाफमध्ये कुठंतरी संपते आणि पुढचं जग थेट हॉस्पिटलातल्या ट्यूबलाइटखाली सुरू होतं. मधले साडेतीन-चार तास नाहीतच. एकदा तो मला म्हणाला, "दादा, जुन्या लग्नाच्या कॅसेटमधी आपण कुणाच्यातरी कडेवर असतोय बघ. लोक सांगत्यात, हा तू. आपण म्हणायचं, हां, मी. तसं हाय हे."

त्या व्हिडिओत आणखी एक गोष्ट आहे. गोल झाल्यावर बारक्या पळत नाही, शर्ट काढत नाही, गॅलरीकडे हातही करत नाही. दोन्ही हात खाली सोडून जाळीकडे बघत उभा राहतो. बाकीचे येऊन अंगावर पडतात तेव्हाच हलतो. कुणीतरी त्यावर कॅप्शन टाकली होती, 'ॲटिट्यूड बघा भावाचा'. मीही ती फॉरवर्ड केली होती.

तो ॲटिट्यूड नव्हता. आपण गोल मारलाय हे त्याला कळलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

*

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. पण आमच्याकडे फुटबॉलचे संघही तालमींच्या नावानं खेळतात. शाहू स्टेडियमवर दुपारी मॅच असली की पेठेतली दुकानं पोरांवर सोडून माणसं गॅलरीत जाऊन बसतात. हरलेल्या संध्याकाळी आमच्या गल्लीत चहासुद्धा मोठ्या आवाजात कुणी मागत नाही. आमच्या संघाचं नाव मी इथं लिहीत नाही. चूक संघाची कमी आणि माझी जास्त होती.

२०१९ सालची गोष्ट. बारक्या एकोणीस वर्षांचा होता, फॉरवर्ड खेळायचा. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. गुडघा गेल्यामुळे माझं खेळणं सुटलं होतं, पण मैदान सुटलं नव्हतं. मी संघाची बॅग सांभाळायचो. बॅगेत बर्फ, वेदनाशामक स्प्रे, क्रेप बँडेज, लिंबू आणि ग्लुकोजची पावडर. पोरं मला गमतीनं डॉक्टर म्हणायची.

हाफटाइमला पाचेक मिनिटं होती. समोरच्या गोलकीपरनं लांब किक मारली, बारक्या आणि त्यांचा एक डिफेंडर दोघंही हेडरला उडाले. डिफेंडरचा खांदा बारक्याच्या कानशिलावर बसला. कुणाचीच चूक नव्हती, फाउलसुद्धा नव्हता. बारक्या खाली पडला आणि काही सेकंद तसाच राहिला. किती सेकंद, ते मी मोजलं नाही.

मी बॅग घेऊन पळालो. रक्त नाही, खोक नाही, टेंगूळही नाही. तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडले.

"बरा हायस न्हवं?"

"हां. ओके."

रेफरीनं माझ्याकडे बघितलं. मी अंगठा वर केला.

हाफटाइमला तो बाकावर एका टोकाला बसला. ग्लुकोज दिलं ते प्यायला. कोच काय सांगत होते तिकडं त्याचं लक्ष नव्हतं, पण ते कधीच नसायचं. मग सगळे उठले आणि मैदानात शिरता शिरता तो माझ्याजवळ आला. हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यानं विचारलं, "दादा, आपण कुठल्या बाजूला मारायचंय रे?"

मी हसलो. हाफटाइमनंतर बाजू बदलतात, गोंधळला असेल, असं स्वतःला सांगितलं आणि लांबच्या गोलकडे बोट दाखवलं. तो तिकडे गेला. वीस मिनिटांनी त्यानं तिथंच गोल मारला आणि आम्ही १-० नं जिंकलो.

ते बोट मी पाच वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. बारक्यालाही नाही.

*

आणि मला हे कळायला हवं होतं, कारण अगदी हाच प्रसंग मी आणि बारक्यानं मिळून बघितला होता.

२०१४ च्या वर्ल्ड कपची फायनल, रिओचं माराकाना स्टेडियम, जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना. आपल्याकडे १४ जुलै उजाडला होता, रात्री साडेबाराला मॅच सुरू झाली. वर्ल्ड कप आला की आमच्या गल्ल्यांतून झेंडे लागतात. आमच्या घरात दोन पक्ष होते. मी अर्जेंटिनाचा. बारक्या फक्त माझ्या विरोधात असावं म्हणून जर्मनीचा.

जर्मनीच्या संघात त्या रात्री क्रिस्टोफ क्रॅमर नावाचा तेवीस वर्षांचा मिडफिल्डर होता. सामी खेदिराला वॉर्मअपमध्ये त्रास झाला म्हणून हा ऐनवेळी थेट फायनलला उतरला. सतराव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या एझेकिएल गाराईचा खांदा त्याच्या चेहऱ्यावर आदळला. तो पडला, उठला आणि खेळत राहिला. एकतिसाव्या मिनिटाला दोघांनी आधार देऊन त्याला बाहेर आणलं. त्याची नजर कुठंच ठरत नव्हती. मी टाळी वाजवली होती, 'गेला एक जर्मन' म्हणून.

मधल्या चौदा मिनिटांत काय झालं ते नंतर बातम्यांतून कळलं. क्रॅमर रेफरी निकोला रिझोली यांच्याजवळ गेला आणि त्यानं विचारलं, ही फायनल आहे का? रिझोलींना आधी वाटलं हा थट्टा करतोय. त्यांनी पुन्हा विचारायला लावलं. त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा रिझोलींनी जर्मनीच्या श्वाइनस्टायगरला गाठून सांगितलं आणि क्रॅमर बाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या आंद्रे शुर्लेच्या क्रॉसवर मारिओ गोट्झेनं ११३ व्या मिनिटाला गोल केला आणि जर्मनी जगज्जेती झाली. क्रॅमरकडे सुवर्णपदक आहे, पण आपण खेळलेला तो पहिला हाफ त्याला जवळजवळ आठवत नाही.

आमच्याकडे तो किस्सा विनोद म्हणून पसरला. कुणी वेंधळेपणा केला की पोरं विचारायची, "काय रे, फायनल हाय काय ही?" बारक्याही विचारायचा.

रिझोलींनी तो प्रश्न ऐकला तेव्हा त्यांनाही आधी विनोदच वाटला होता. फरक एवढाच, की त्यांनी दुसऱ्यांदा ऐकून घेतलं आणि मी पहिल्यांदाच हसून मोकळा झालो.

*

त्या संध्याकाळी मिरवल्यासारखे आम्ही घरी आलो. बारक्या सोफ्यावर बसला. आईनं चहा दिला. त्यानं विचारलं, "मॅच किती वाजता हाय?" मी म्हटलं, "झाली की येड्या, गोल मारलास तू." तो "हां" म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा, "मॅच किती वाजता हाय?"

मला वाटलं चेष्टा करतोय. आई फुटबॉल बघत नाही, ऑफसाइड तिला आजही कळत नाही. तिनं गॅस बंद केला, बाहेर आली, त्याच्या समोर बसली आणि मला म्हणाली, "हा तिसऱ्यांदा तेच विचारतोय. ह्याला काहीतरी झालंय."

मग त्याला उलटी झाली. शेजारून कुणीतरी कांदा फोडून आणला हुंगवायला. कुणी म्हणालं पित्त असेल, उन्हात खेळलाय. कुणी म्हणालं त्याला झोपू देऊ नका. दुसरी उलटी झाली तशी आम्ही रिक्षा काढली.

हॉस्पिटलात सीटी स्कॅन झाला आणि तो नॉर्मल आला. मी इतका मोठा श्वास सोडला की तरुण डॉक्टरबाई माझ्याकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, "स्कॅन नॉर्मल म्हणजे आत रक्तस्राव नाही, एवढंच. दुखापत नाही असं नाही. याला कन्कशन म्हणतात."

बाबांनी विचारलं, "म्हणजे मुका मार?"

त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हो. मेंदूला मुका मार."

खरचटलं, रक्त आलं, हाड मोडलं तर तो बोलका मार. ज्यात वरून काही दिसत नाही तो मुका. पण पाठीला किंवा मांडीला मुका मार बसला तर माणूस निदान 'आई गं' म्हणतो. मेंदूला बसला तर 'आई गं' म्हणायचं ज्यानं, तोच मुका होतो. मार खाल्लेला आणि साक्ष देणारा इथं एकच असतो. घड्याळ बंद पडलंय का, हे त्याच घड्याळात बघून ठरवण्यासारखं.

पुढे त्यांनी समजावून सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. तो मऊ असतो आणि द्रवात तरंगत असतो. डोकं झटक्यात हललं, विशेषतः गर्रकन वळलं, तर आत मेंदू पिळवटतो, त्याचे नाजूक धागे ताणले जातात. काही फुटत नाही, म्हणून स्कॅनमध्ये दिसत नाही. पण पेशींचं आपापसातलं काम विस्कटतं आणि ते पूर्ववत करायला मेंदूला जास्त ताकद लागते, नेमकी त्याच वेळी ती कमी पडते. यासाठी मार डोक्यालाच बसायला हवा असंही नाही. छातीला जोरात धक्का बसून डोकं मागे झटकलं तरी पुरतं. आणि बेशुद्ध पडायलाच हवं हा तर मोठाच गैरसमज. कन्कशन झालेले बहुतेक जण शुद्ध हरपत नाहीत.

आपल्या भाषेत याची वर्णनं आधीपासून आहेत. डोळ्यांपुढे काजवे चमकले, डोकं ठिकाणावर नाही, कानफटात अशी बसली की तारे दिसले. फक्त ती सगळी आपण हसण्यासाठी वापरतो.

*

पुढचे दहा-बारा दिवस सगळ्यात वाईट होते. बारक्याला उजेड सोसेना, पंख्याचा आवाज सोसेना. मोबाइल हातात घेतला की दहा मिनिटांत डोकं ठणकायचं. कॉलेजच्या पुस्तकाचं एक पान वाचायला अर्धा तास लागायचा आणि वाचलेलं राहायचं नाही. तो चिडायचा, एकदा तर आईवर ताट फेकलं आणि मग स्वतःच रडला. आम्हाला वाटायचं लाडावलाय, गोलची हवा डोक्यात गेलीय. चिडचिड हेसुद्धा लक्षणच आहे, हे आठव्या दिवशी दाखवायला नेलं तेव्हा कळलं.

पहिले एक-दोन दिवस आराम, स्क्रीन शक्य तितका कमी. पण त्यानंतर अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवायचं नाही. थोडं चालायचं, मग भरभर चालायचं, मग हलकं पळायचं. बॉल त्याच्यानंतर, एकट्यानं. अंगाला अंग लागणारा खेळ सगळ्यात शेवटी आणि तोही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. प्रत्येक पायरीवर निदान एक दिवस. त्रास वाढला तर एक पायरी खाली.

दरम्यान नवव्या दिवशी सेमीफायनल होती. आदल्या संध्याकाळी संघातली चार माणसं घरी आली. वाईट माणसं नव्हेत. त्यांतल्या एकानं बाबांच्या आजारपणात रात्री-अपरात्री गाडी चालवली होती. ते म्हणाले, "अर्धा तास खेळंल. नुसता उभा राहिला तरी समोरच्यांवर प्रेशर येतंय." बारक्या आतून बाहेर आला, डोळे बारीक करून. म्हणाला, "मी फिट हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण संघाचा डॉक्टर मी. तेव्हा मला वाटलं, की सगळं सांगून टाकावं. त्यानं मला बाजू विचारली होती आणि मी बोट दाखवलं होतं. ते काही तोंडातून निघालं नाही. मी एवढंच म्हणालो, "न्हाई. तो खेळणार न्हाई." बारक्या माझ्याशी चार दिवस बोलला नाही. सेमीफायनल आम्ही हरलो. पेठेत काही दिवस मला 'डॉक्टर' म्हणायचे ते वेगळ्या सुरात.

पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला अचानक सूज येऊ शकते आणि तरुण पोरं त्यात जाऊ शकतात. असं क्वचित होतं. पण कुणाच्या बाबतीत होणार ते आधी कळत नाही. हे त्या संध्याकाळी मला ठाऊक नव्हतं. मी शहाणपणानं नव्हे, अपराधीपणानं 'न्हाई' म्हणालो होतो.

*

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत, बघत गेलो. गरिबांचा, गल्लीतला खेळ म्हणून आमच्याकडे असं झालं, असं मला सुरुवातीला वाटायचं. तसं नव्हतं. जिथं टचलाइनला खरे डॉक्टर उभे असतात तिथंही हेच होत होतं.

त्याच २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये उरुग्वेचा आल्वारो परेरा इंग्लंडच्या रहीम स्टर्लिंगचा गुडघा डोक्यावर बसून निपचित पडला होता. संघाच्या डॉक्टरनं बदली खेळाडूची खूण केली. परेरा उठला, डॉक्टरवरच ओरडला आणि खेळत राहिला. जगानं त्याला वाघ म्हटलं. २०१८ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये लिव्हरपूलचा गोलकीपर लोरिस कारियुस याच्या डोक्यावर सर्जिओ रामोसचं कोपर बसलं आणि त्यानंतर त्यानं दोन अशा चुका केल्या की त्याचे मीम्स आजही फिरतात. काही दिवसांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की त्याला कन्कशन झालं होतं आणि नजरेनं अंतराचा अंदाज घेण्यात त्यामुळे अडचण आली असण्याची शक्यता आहे. तोवर जग हसून झालं होतं. २०२० च्या नोव्हेंबरात आर्सेनलचा डेव्हिड लुईझ आणि वुल्व्हजचा राऊल हिमेनेज यांची डोकी एकमेकांवर आदळली. हिमेनेजची कवटी फुटली. लुईझ डोक्याला पट्टी बांधून हाफटाइमपर्यंत खेळत होता. हल सिटीचा रायन मेसन २०१७ मध्ये अशाच टकरीत जबर जखमी झाला आणि वर्षभरानं, सव्विसाव्या वर्षी, त्यानं खेळ सोडला.

फुटबॉलची अडचण त्याच्या नियमांतच होती. बदली खेळाडू मोजकेच आणि बाहेर गेलेला परत येत नाही. डोक्याची नीट तपासणी करायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ दहा जणांनी कोण खेळणार? रग्बीनं यावर तात्पुरता बदली खेळाडू हा तोडगा काढला. फुटबॉलमध्ये क्रॅमरच्या प्रसंगानंतर, २०१४ च्या सप्टेंबरात, युरोपच्या यूएफानं तपासणीसाठी तीन मिनिटं खेळ थांबवायची सोय केली. पण तीन मिनिटांत घाम पुसून होतो. २०२१ च्या जानेवारीपासून कायमस्वरूपी कन्कशन बदलीचा प्रयोग सुरू झाला. डोक्याला मार बसल्याची शंका असलेला खेळाडू बाहेर, त्याच्या जागी जास्तीचा खेळाडू, नेहमीच्या बदल्यांत न मोजता. २०२४ पासून स्पर्धांना हवा असल्यास स्वीकारता येईल असा तो नियमच झाला. खेळाडूंची संघटना मात्र तात्पुरत्या बदलीवर ठाम आहे. तिचं म्हणणं असं, की बाहेर गेलेला परत येऊ शकणार असेल तरच डॉक्टर त्याला बिनघोर बाहेर काढतील.

आपल्याला हा शब्द क्रिकेटमुळे कळला. २०२० च्या डिसेंबरात कॅनबेरात जडेजाच्या हेल्मेटवर बॉल लागला, त्याच्या जागी चहल आला आणि तीन विकेट काढून सामनावीर झाला. २०२५ च्या जानेवारीत आपल्या पुण्याजवळच्या गहुंज्यात शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा आला. दोन्ही वेळा सोशल मीडियावर दिवसभर भांडण झालं, ते बदली बरोबरीचा होता का, यावर. ज्याच्या डोक्याला लागलं त्याचं डोकं कसं आहे, हे विचारणारी पोस्ट माझ्या फीडमध्ये तरी आली नाही.

*

या सगळ्यात एक माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. जेफ ॲसल. इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉमविच ॲल्बियनचा स्ट्रायकर, हेडरसाठी प्रसिद्ध. २००२ च्या जानेवारीत एकोणसाठाव्या वर्षी तो गेला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं निकाल दिला, व्यवसायातून आलेला आजार. खाणकामगाराची फुप्फुसं जातात, तसा याचा मेंदू गेला, वर्षानुवर्षं बॉल डोक्यानं मारून. २०१४ मध्ये ग्लासगोचे डॉ. विली स्टुअर्ट यांनी त्याचा मेंदू पुन्हा तपासला आणि पूर्वी बॉक्सरांमध्ये आढळणारा विकार त्यात सापडला. याच स्टुअर्टांच्या गटानं २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची नोंद तपासली. इतरांच्या तुलनेत मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण येण्याचं प्रमाण त्यांच्यात सुमारे साडेतीन पट होतं. हृदयविकार मात्र कमी. खेळानं काळीज मजबूत केलं आणि किंमत वरच्या मजल्यावर वसूल केली.

ॲसलला एकच मोठं कन्कशन झालं असं नाही. त्याच्यावर शेकडो छोटे धक्के साठत गेले. बारक्याची गोष्ट वेगळी आहे, हे मला कळतं. पण ॲसलच्या घरच्यांनी सांगितलंय, की शेवटी शेवटी आपण फुटबॉलपटू होतो हेच त्याला आठवत नव्हतं. हे वाचलं तेव्हा मी मोबाइल पालथा ठेवला. एका माणसाचं अख्खं करिअर त्याच्याकडून काढून घेतलं गेलं आणि ते लोकांकडं मात्र राहिलं, टाळ्यांसकट. अडतीस सेकंदांचा हिशोब तसाच होता, फक्त लहान.

*

आता मी रविवारी सकाळी बारा-तेरा वर्षांच्या पोरांना शिकवतो. बॅग तीच आहे. तिच्या आतल्या खिशात लॅमिनेट केलेला एक कागद असतो. त्यावर पाच प्रश्न आहेत, जगभरचे डॉक्टर टचलाइनवर विचारतात तसे. आपण कुठल्या मैदानावर आहोत? हा कितवा हाफ? शेवटचा गोल कुणी मारला? मागची मॅच कुणाशी झाली? ती आपण जिंकलो का? 'बरा आहेस का' हा प्रश्न त्यात नाही. त्याचं उत्तर प्रत्येक पोरगा एकच देतो.

खाली लिहिलंय: एकही उत्तर चुकलं किंवा अडखळलं तर बाहेर. पाचही बरोबर आली, पण नजर, चाल किंवा बोलणं वेगळं वाटलं, तरी बाहेर. त्या दिवशी परत नाही. आणि त्याच्याही खाली लाल अक्षरात: पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, न उतरणारी गुंगी, आकडी, हातापायातलं बळ जाणं, एक बाहुली मोठी दिसणं, मानेत दुखणं. यातलं काहीही दिसलं की घरी नाही, थेट हॉस्पिटल. आणि त्या रात्री पोराला एकटं सोडायचं नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत एका मॅचमध्ये आमचा सगळ्यात चांगला पोरगा गोलपोस्टवर आपटला. चार उत्तरं बरोबर दिली, पाचवं देताना विचारात पडला. मी त्याला बसवलं. तो ढसाढसा रडला. त्याचा बाप कुंपणाबाहेरून ओरडला, "तुमच्या भावाला खेळवलासा आणि आमच्या पोराला बसवता व्हय?" त्याचं म्हणणं खरं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पोराच्या शेजारी बसून राहिलो. आम्ही ३-० नं हरलो.

त्या रात्री मी बारक्याच्या खोलीत गेलो. तो आता एमआयडीसीत कामाला आहे. दीड महिन्यात तो बरा झाला होता, पुढे दोन सीझन खेळला, मग नोकरीमुळे सुटलं. सगळेच इतके नशीबवान नसतात. तो मोबाइलवर काहीतरी बघत पडला होता. मी सगळं सांगितलं. हाफटाइम, त्याचा प्रश्न, माझं हसणं, माझं बोट. त्याला शिव्या द्यायला मुभा असावी म्हणून मी दारातच उभा होतो.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून बसला.

"मी विचारलो तुला? कुठल्या बाजूला मारायचं म्हणून?"

"हां."

"आणि तू बोट दाखवलंस."

"हां."

त्यानं मोबाइल बाजूला ठेवला. "बरं झालं दाखवलंस," तो म्हणाला. "न्हाईतर आपल्याच गोलात मारला असता की."

तो हसला. मलाही हसू आलं आणि ते लवकर थांबेना. मग त्यानं दिवा मालवला आणि अंधारातून विचारलं, "दादा, त्या पोराला आज रात्री कोण बघतंय?"

मी बाहेर येऊन त्या पोराच्या घरी फोन लावला. बापानंच उचलला. रागात होता. पण म्हणाला, "झोपलाय. मी बसलोय इथंच."